आरोग्यशिक्षक कोठे घडावा?

नंदुरबार जिल्ह्यातील शाळकरी मूल एक असले तरी त्याची जबाबदारी तीन खात्यांत वाटली गेली आहे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत जात असेल तर त्याच्या अभ्यासाची चिंता शिक्षण विभागाने वाहावयाची, आश्रमशाळेत राहत असेल तर त्याचा अभ्यास, अन्न आणि अंथरूण ही आदिवासी विकास विभागाने पाहावयाची, आणि त्याला ताप आला, सांधे सुजले किंवा फळ्यावरचे दिसेनासे झाले म्हणजे मात्र ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या स्वाधीन व्हावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, जेथे २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे शंभरांतील सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत आणि जेथे अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतील पाडे सातपुड्याच्या उतारांवर एकमेकांपासून दूर विखुरलेले आहेत, तेथे एका खात्याचा निरोप दुसऱ्या खात्यास पोहोचेपर्यंत मुलाचे दुखणे बळावते, हे तेथील कोणताही जुना शिक्षक सांगेल.

म्हणून असा प्रश्न उपस्थित होतो, की शाळेच्या शिक्षकवर्गातच आरोग्याचा एक जाणकार शिक्षक असावा काय, आणि असावा तर, ज्याप्रमाणे पदवीधरास बी.एड.चे दोन वर्षांचे शिक्षण दिले जाते त्याप्रमाणे, त्याला पदवीनंतरचे स्वतंत्र शिक्षण द्यावे काय. यावर दोन मते तितक्याच प्रामाणिकपणे मांडली जातात. ती मी येथे दोन पात्रांच्या मुखी घातली आहेत: एक, आश्रमशाळांत हयात घालवून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, आणि दुसऱ्या, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी. पात्रे कल्पित आहेत, मतभेद मात्र खरा आहे.

गुरुजी : डॉक्टरबाई, आरोग्यशिक्षकाची स्वतंत्र पदवी मागण्यात आपला हेतू शुद्ध आहे याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु मुलाच्या प्रकृतीकडे लक्ष देणे हा प्रत्येक शिक्षकाचा धर्म आहे, आणि तो एकाचा पेशा झाला म्हणजे बाकीचे सर्व त्यातून मोकळे होतात. शाळेत क्रीडाशिक्षक आला की इतर शिक्षकांचे मैदानाकडे जाणे थांबते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. उद्या खरजेने बोटे खाजविणारे मूल वर्गात दिसले तर गणिताचा शिक्षक म्हणेल, हे आरोग्यशिक्षकाचे काम, आणि आरोग्यशिक्षक त्या दिवशी तालुक्याला बैठकीस गेलेला असेल. शिवाय या कामाची तजवीज सरकारने केलेलीच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्याचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, निवडून त्यांना प्रशिक्षण द्यावे, आणि त्यांनी आठवड्यातून एक तास पोषण, मनःस्वास्थ्य, व्यसन, अपघात, प्रजनन आरोग्य अशा अकरा विषयांवर मुलांशी बोलावे, असे ठरलेले आहे. ते नीट अमलात आणावे. नवी पदवी कशास हवी?

डॉक्टरबाई : गुरुजी, ती योजना मला मान्य आहे, आणि तिच्यामुळे माझीच बाजू बळकट होते, कारण हे काम शिकविल्यावाचून येत नाही हे सरकारने तिच्यात कबूल केले आहे. आपला मतभेद आहे तो किती शिकवावे याविषयी. काही दिवसांच्या वर्गाने अकरा विषयांची ओळख होते, पण आजारी मूल ओळखणारी नजर तेवढ्याने येत नाही. सिकलसेलचेच पाहा. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या धड्यात या रोगाचे नाव आहे, त्यावर परीक्षेत प्रश्न येतो, आणि ज्याला तो रोग आहे ते मूल त्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेले असते. त्या मुलाच्या मूत्रपिंडास लघवी दाट करण्याची शक्ती राहत नाही. म्हणून ते वारंवार पाणी पिते, तासाला दोनदा बाहेर जाण्याची परवानगी मागते आणि रात्री अंथरूण ओले करते. ज्या शिक्षकाला हे कोणी सांगितलेले नाही तो त्याला उनाड ठरवून खाली बसवितो. वसतिगृहात त्याचे अंथरूण सर्वांसमक्ष उन्हात टाकले जाते. लाजेने ते मूल संध्याकाळपासून पाणी पिणे सोडते, आणि शरीरातील पाणी तुटले की विळ्याच्या आकाराच्या त्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अधिकच अडकून त्याच्या हाडांत असह्य कळा सुरू होतात. कोणाचाही वाईट हेतू नसता शाळेच्या शिस्तीनेच त्याचे दुखणे ओढवून आणलेले असते.

गुरुजी : हे ऐकून मन अस्वस्थ होते. पण आपण आता जे सांगितले त्यास किती वेळ लागला? एवढे मला पूर्वी कोणी सांगितले असते तर माझ्या शाळेतील प्रत्येक शिक्षकाला, अधीक्षकाला आणि कामाठ्याला मी ते त्याच दिवशी सांगितले असते. अशा वीस-पंचवीस गोष्टी निवडाव्यात आणि त्या सर्वांना शिकवाव्यात, त्यास विद्यापीठाची पदवी लागत नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम आरंभिले, आणि त्यांनी घडविलेल्या आरोग्यसेविकांपैकी कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या स्त्रियांनी गावोगाव बाळंतपणे सुरक्षित केली, कुष्ठरोग्यांना घरात घेतले, लेकरांना अतिसारातून वाचविले. त्यांच्यापाशी पदवी कोठे होती?

डॉक्टरबाई : जामखेडचे नाव आपण काढलेत हे बरे झाले. त्या स्त्रिया एकदा शिकून गावी गेल्या आणि संपले, असे तेथे घडले नाही. त्या वर्षानुवर्षे केंद्रावर परत परत येत, गावात पाहिलेले सांगत, चुकलेले सुधारून घेत, आणि त्यांच्या पाठीशी एक चालते रुग्णालय उभे असे. म्हणजे प्रशिक्षण लांबच होते, फक्त त्याच्या शेवटी कागद नव्हता. तरी मी कागद मागते, याचे कारण शाळा आणि गाव यांत भेद आहे. गावात सेविकेचा अधिकार तिच्या नात्यागोत्यातून आणि अनुभवातून येतो, तर शाळेत तो पदावरून ठरतो. पौषातल्या पहाटे तोरणमाळच्या थंडीत सर्व मुलांना धावण्यास काढू नका, कारण थंडी आणि अतिश्रम यांनी सिकलसेलच्या मुलाच्या कळा उठतात, हे क्रीडाशिक्षकाला कोणी सांगावयाचे? पाण्याची टाकी दुरुस्त झाल्याखेरीज शाळेचा खर्चाचा तक्ता मंजूर करू नका, हे बैठकीत कोणी मांडावयाचे? ज्याच्या नावापुढे शिक्षकाचे पद नाही आणि ज्याची सही कोणत्याही दप्तरात लागत नाही, त्याचे म्हणणे सर्वजण आदराने ऐकतात आणि कोणीही अमलात आणीत नाही.

जपानचा इतिहास या बाबतीत लक्षात घेण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील शाळांत डोळ्यांच्या खुपऱ्यांनी मुले हैराण झाली, तेव्हा परिचारिका नेमल्या गेल्या. अनुभवाअंती त्या लोकांच्या ध्यानात आले, की बाहेरून आलेली परिचारिका डोळे धुते, परंतु शाळेची रीत तिला बदलता येत नाही. म्हणून १९४१ साली तिला शिक्षकवर्गात स्थान मिळाले, आणि १९४७ च्या शिक्षणविषयक कायद्याने योगो क्योयु हे तिचे आजचे पद निश्चित झाले. आज तिला त्यासाठी वेगळे शिक्षण आणि शिक्षकाचा परवाना घ्यावा लागतो, शाळेत तिची स्वतंत्र खोली असते आणि शिक्षकांच्या बैठकीत ती इतरांच्या बरोबरीने बसते.

गुरुजी : आपल्याकडचा इतिहासही काही अर्वाचीन नाही. आपल्या नवापूर तालुक्यापलीकडचे सोनगड आणि व्यारा ज्या बडोदे संस्थानात होते, त्या संस्थानच्या राजधानीत १९०९ साली शाळेच्या मुलांची वैद्यकीय तपासणी झाली, आणि हिंदुस्थानातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तोच मानतात. पुढे १९४६ साली भोर समितीने या सेवेची दुरवस्था सांगितली, १९६० साली रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्याची समिती नेमली गेली, आणि अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०१३ मध्ये, आपल्याच राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, डॉक्टर मन लावून मुले तपासतात, ज्याला दोष आढळला त्याच्या हाती पुढील रुग्णालयाची चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी दप्तरात राहते. बाप ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो, आईला धडगावाहून नंदुरबारला जाण्याचे भाडे परवडत नाही. शतकभर आपण तपासण्या केल्या, परंतु तपासणीनंतरचे काम कोणाच्याच पदरात घातले नाही. त्यात पदवीधर वाढला तर चिठ्ठ्या तेवढ्या वाढतील, अशी मला भीती वाटते.

डॉक्टरबाई : परंतु गुरुजी, आपण वर्णिलेली उणीव भरून काढणे हेच त्याचे काम आहे. पथक एक दिवस येते, उरलेले सर्व दिवस त्या चिठ्ठीचा पाठपुरावा करणारा माणूस आज शाळेत नाही.

गुरुजी : मग त्याला घडविणार कोठे, ते सांगा. शिक्षक घडविण्याची आपली रीत मला ठाऊक आहे. छात्राध्यापक शहरातील एखाद्या सोयीच्या शाळेत ठरलेले पाठ देतात, पाठ टाचण रंगीत शाईने सजवितात, तक्ते काढतात, आणि परीक्षक आले म्हणजे मुलांना उत्तरे आधी सांगून ठेवतात. आरोग्याची पदवी निघाली तर हेच होईल. समतोल आहाराचा सुंदर तक्ता तयार होईल, त्यात सफरचंद आणि पनीर असेल, आणि ज्या मुलाच्या घरी ज्वारीची किंवा मक्याची भाकर, उडदाची डाळ, रानभाजी आणि मोहाची फुले आहेत त्याला आपल्या घरचे अन्न हीन वाटू लागेल. शिकविणारा पावरी, मावची किंवा देहवाली बोलत नसेल तर पाळी सुरू झालेली मुलगी त्याच्याशीच काय, परक्या बाईशीही बोलणार नाही. आणि पदवी हाती पडताच तो बदलीसाठी अर्ज करील. अक्राणीत नेमणूक म्हणजे शिक्षा, ही समजूत अजून गेलेली नाही.

डॉक्टरबाई : आपला प्रत्येक आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझ्या मनातील प्रशिक्षणाची रूपरेषा मी आपल्यापुढे ठेवते. विज्ञान, गृहविज्ञान किंवा परिचर्या यांपैकी एकात पदवी घेतलेले, आणि जिल्ह्यातील एक तरी बोली जन्मापासून बोलणारे तरुण-तरुणी त्यासाठी घ्यावेत. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, जळगावचे विद्यापीठ पदवी देण्यास समर्थ आहे. या तिघांनी मिळून दोन वर्षांचा क्रम आखावा, आणि त्यातील निम्मा काळ विद्यार्थ्याने वर्गाबाहेर, आश्रमशाळेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात काढावा. उंची आणि वजन बिनचूक घेणे, दृष्टी तपासण्याचा तक्ता योग्य अंतरावर टांगणे, पापणीचा आतला रंग पाहून पांडुरोगाचा संशय घेणे, कानातून पू येणाऱ्या मुलास पुढच्या बाकावर आणणे, साप चावल्यास आवळपट्टी न बांधता तो अवयव स्थिर ठेवून प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात पोहोचविणे, हे हाताने करावयाचे काम आहे आणि ते वर्षभर हाताखालून गेले पाहिजे.

लोहाच्या गोळीचेच उदाहरण घ्या. किशोरवयीन मुलांस आठवड्यातून एकदा निळी गोळी देण्याची योजना हितकारक आहे, आणि ती बहुसंख्य मुलांना मिळालीच पाहिजे. परंतु रक्तातील लाली कमी दिसली म्हणजे लोहच कमी, असे सरसकट धरता येत नाही. सिकलसेलच्या ज्या मुलास वारंवार रक्त चढवावे लागले आहे त्याच्या शरीरात लोहाचा साठा उलट वाढलेला असू शकतो, आणि त्याच्या गोळीचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा लागतो. पाचशे मुलांच्या रांगेत ते एक मूल बाजूला काढणारा शिक्षक मला हवा आहे.

गुरुजी : ते मूल बाजूला काढले, की सर्व शाळेला त्याचा रोग कळला. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे, आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी त्यात अभिप्रेत आहे, आणि ती व्हावी असेच मलाही वाटते. पण पुढचे सांगा. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याच्या वेळी रोगाचा संभव २५ टक्के, वाहक होण्याचा ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याचा २५ टक्के, हा हिशेब शिक्षक फळ्यावर मांडतो. दुसऱ्या दिवशी पाड्यावर बोलले जाते, की अमक्याची पोर वाहक आहे. वाहक म्हणजे रोगी नव्हे, दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करण्यापूर्वी विचार करावा एवढाच त्याचा अर्थ, हे सांगण्यापूर्वीच तिच्या सोयरिकीची बोलणी थांबतात. त्या मुलीच्या अब्रूचे रक्षण कोण करील?

डॉक्टरबाई : आपण आपल्याच तोंडाने सांगितलेत, की हे ज्ञान अर्ध्या तासात देऊन सोडून देण्यासारखे नाही. हिशेब सांगणे सोपे असते. तो कोणापुढे, कोणत्या शब्दांत आणि केव्हा सांगावा, कोणाचे नाव कोणत्या कागदावर येऊ द्यावे आणि कोणत्या कागदावर येऊ देऊ नये, पाड्यावरच्या बडव्याशी, म्हणजे मांत्रिकाशी, भांडण न करता आजारी मूल दवाखान्यापर्यंत कसे आणावे, हे शिकण्यास अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली दीर्घ काळ काढावा लागतो. डॉक्टरलाही ते पुस्तकातून येत नाही.

गुरुजी : येथे मी माघार घेतो. सर्वांनी जाणावयाच्या गोष्टी वेगळ्या आणि एकाने जपावयाच्या गोष्टी वेगळ्या, हा भेद मी पुरेसा केला नव्हता. पण आता माझा मुख्य मुद्दा ऐका. आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती २०१६ साली नेमली गेली, तिच्यापुढे पंधरा वर्षांतील हजारावर विद्यार्थ्यांचे मृत्यू होते. एवढ्या लेकरांचा विचार मनात आला म्हणजे मला रात्र दिसते. ताप रात्री चढतो, साप रात्री चावतो, घरच्या आठवणीने मूल रात्री रडते. पाच वाजता मोटारसायकलवर बसून तालुक्याच्या गावी जाणारा पदवीधर त्या वेळी कोठे असेल? रात्री मुलांजवळ असतात ते अधीक्षक आणि अधीक्षिका. तेव्हा नवे शिक्षण द्यावयाचे असेल तर ते त्यांना द्या. अधीक्षकाचे पदच आरोग्यशिक्षकाचे पद करा.

डॉक्टरबाई : हा विचार माझ्या मनात आला नव्हता, आणि तो मला पटतो. परंतु आजचा अधीक्षक धान्याचा साठा, भाजीपाल्याची बिले, हजेरीपट आणि अनुदानाचे हिशेब यांखाली दबलेला आहे. ते ओझे लेखनिकाकडे गेले पाहिजे, अधीक्षकास आणि अधीक्षिकेस शाळेच्या आवारात राहण्याजोगे घर मिळाले पाहिजे, आणि त्यांनी दिवसा आरोग्याचे तास घ्यावयाचे असतील तर त्यांची रात्रीची पाळी दुसऱ्या कोणी वाटून घेतली पाहिजे. चोवीस तास जागणारा माणूस कोणत्याच मुलाला नीट पाहू शकत नाही. आणि जिल्हा परिषदेच्या दिवसाच्या शाळांत अधीक्षक नसतो. तेथे निदान प्रत्येक केंद्रशाळेस एक आरोग्यशिक्षक असावा, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे आरोग्यपत्रक त्याने मुलाबरोबर पाठवावे.

गुरुजी : कबूल. मात्र एका गोष्टीवर मी ठाम आहे. आधी सेवा, मग पदवी. ज्याने तीन पावसाळे आश्रमशाळेत काढले आहेत त्यालाच या शिक्षणाला पाठवावे. कोऱ्या पदवीधरास पाठवू नये.

डॉक्टरबाई : आणि मी म्हणते, तीन पावसाळे न शिकता काढले तर चुकीच्या सवयी तोपर्यंत हाडीमाशी खिळतात. तरुण असतानाच त्याला घ्यावे आणि शिक्षणाचे निम्मे दिवस आश्रमशाळेत काढावयास लावावेत. यावर आपले एकमत होणार नाही, गुरुजी.

येथे दोघांचा संवाद थांबतो, आणि जो भेद उरतो तो मला उणा वाटत नाही, कारण तो आता आरोग्यशिक्षक असावा की नसावा यावरून त्याला कोणत्या क्रमाने घडवावे यावर आलेला आहे. माझे मत विचाराल तर क्रमाचा प्रश्न आणखी एक पायरी मागे न्यावा लागेल. आज महाराष्ट्रात ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा विषय माध्यमिक वर्गांना आहे, त्याची श्रेणी गुणपत्रिकेत येते, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पोषण, स्वच्छता, प्रथमोपचार आणि मनःस्वास्थ्य यांचे शिक्षण अभ्यासक्रमात असावे असे म्हटले आहे, परंतु शाळांच्या संचमान्यतेत आरोग्यशिक्षक या नावाचे पद नाही. जे पद नाही त्याची पदवी काढली तर अक्राणीतील एखादी हुशार मुलगी दोन वर्षे आणि आईबापांचे दागिने खर्चून ती मिळवील आणि दाखला घेऊन घरी बसेल. मग पुढच्या वर्षी महाविद्यालयाच्या जागा रिकाम्या राहतील, आणि या जिल्ह्यात अशा शिक्षणाची मागणीच नाही, असा शेरा कोणीतरी मारील. म्हणून शासनाने प्रथम पद निर्माण करावे, त्याचे वेतन, निवास आणि अधिकार लिहून द्यावेत, तब्येतीच्या कारणावरून वेळापत्रक बदलण्याची त्याची लेखी सूचना मुख्याध्यापकास उत्तर दिल्यावाचून बाजूला ठेवता येऊ नये अशी तरतूद करावी, आणि मग त्या पदास साजेसे शिक्षण नंदुरबारातच उभे करावे. हे शिक्षण घेण्यास योग्य अशी मुले-मुली या जिल्ह्याच्याच सहा तालुक्यांतील पाड्यांवर आज शिकत आहेत. ती पदवीधर होतील तेव्हा हे पद त्यांची वाट पाहत असले पाहिजे.